दसऱ्याच्या दुपारी बटण कोणी दाबून धरलं?

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर खाली खवचट कमेंट टाकणाऱ्यांपैकी मी एक आहे. घाटात बाई दिसली म्हटलं की 'गाडीच्या कॅमेऱ्याचं फुटेज टाका', रात्री घरात पावलं वाजली म्हटलं की 'आधी प्लंबरला बोलवा'... असलं सगळं मीच लिहिलेलं आहे. त्यामुळे आता माझी जी काही धुलाई होईल ती मी गपगुमान सोसणार. माझा धंदाच असा की भुताखेतांना त्यात जागा नाही. सर्व्हर चालू होत नसेल तर त्याला कारण असतं. कधी ते पटकन सापडतं, कधी डोकं फोडून घ्यावं लागतं, पण कारण असतंच — या एका वाक्यावर माझं घर चालतं.

उगाच ताणून धरत नाही, मुद्द्याचं आधीच सांगतो. माझे दाजी, म्हणजे माझ्या सख्ख्या ताईचे मिस्टर, आज जिवंत आहेत. ते जिवंत आहेत कारण गेल्या वर्षी दसऱ्याला अंबरनाथच्या एका कारखान्यातला सर्व्हर चालू झाला नाही. आणि तो चालू व्हावा म्हणून त्या दुपारी जो माणूस घाम गाळत होता तो मी होतो. त्यांचा सख्खा मेव्हणा.

आता नीट सांगतो. मी बदलापूरला राहतो, पश्चिमेला हेंद्रेपाड्यात. नोकरी उल्हासनगरच्या एका छोट्या फर्ममध्ये — आम्ही आसपासच्या कंपन्यांचे, दवाखान्यांचे सर्व्हर सांभाळतो. ताई आणि दाजी पालेगावात, तिकडे आता नवीन बिल्डिंगा उठल्यात त्यातल्या एकीत. दाजी अंबरनाथ एमआयडीसीत भिंतींचा रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. फिटर माणूस. बोलणं कमी, हातात कायम पाना. त्यांच्याच ओळखीने त्या कारखान्याचं काम आमच्या फर्मला मिळालं.

कारखाना मोठा नाही, पण शेठला नव्या गोष्टींची भारी हौस. सगळी मशीन त्याने सर्व्हरला जोडून घेतलेली. रंग घुसळायच्या टाक्या, पंप, पॅकिंगचा पट्टा... सगळं एका ठिकाणावरून चालतं. सर्व्हरची काचेची केबिन शॉप फ्लोअरवरच आहे आणि तिला अगदी लागून सगळ्यात मोठी टाकी. टाकी म्हणजे दोन माणसं आत आरामात उभी राहतील एवढी, आत मधोमध दांडा आणि त्याला हातभर रुंद लोखंडी पाती. पाती फिरायला लागली की काचेवर हात ठेवला तरी थरथर जाणवते.

दसऱ्याला तिथे यंत्रांची पूजा असते. सगळी मशीन बंद करायची, धुवायची, हळदकुंकू, झेंडूचे हार, नारळ... आणि पूजा झाली की प्रत्येक मशीन मुहूर्ताचा एक फेरा फिरवून परत बंद करायचं. आपल्याकडे सगळ्या एमआयडीसीत असंच करतात, त्यात नवीन काही नाही. दर वर्षी ज्याचं मशीन तोच स्वतःच्या हाताने बटण दाबायचा. सर्व्हरवर फक्त एक फूल ठेवायचे, त्याला कोणी बंद करायचं नाही.

गेल्या वर्षी शेठच्या डोक्यात वेगळंच आलं. सर्व्हर सगळ्यांचा मालक, मग त्याला विश्रांती का नाही? सगळं बंद करायचं, सर्व्हरसुद्धा. आणि विजय मुहूर्तावर नुसता सर्व्हर चालू करायचा, की सगळी मशीन एकदम एक-एक फेरा फिरतील. तसा प्रोग्रॅम त्याने ऑटोमेशनवाल्याकडून करून घेतला होता. सर्व्हर बंद-चालू करायला मला बोलावलं.

मी सकाळीच त्याला समजावलं. म्हटलं, शेठ, हा डबा वर्षानुवर्षं एकदाही थांबलेला नाही. इतकी वर्षं गरगरणाऱ्या डिस्क एकदा गार पडल्या की कधी कधी परत उठत नाहीत. राहू द्या चालू.

"अरे इंजिनिअर साब," शेठ म्हणाला, "माणूस झोपतो, मशीन झोपते, ये क्या भगवान का बाप है? एक दिन का आराम तो बनता है."

शेठ उल्हासनगरचा सिंधी. मराठी उत्तम बोलतो, पण वाद जिंकायचा असला की हिंदीत शिरतो. मी बॅकअप घेतला, आमच्याकडचा एक जादाचा, स्टँडबाय सर्व्हर गाडीत टाकून आणला होता तो तसाच ठेवला, आणि सर्व्हर बंद केला. पंख्यांचा आवाज थांबला तेव्हा मला आतून कसंसंच झालं. ते भुतामुळे नाही हां... तो आमच्या धंद्यातला भीतीचा भाग आहे.

दाजी मला सकाळी भेटले होते. "प्रशांत, आज जेवायला घरी. ताईने श्रीखंड केलंय. माझ्याबरोबरच चल," एवढंच म्हणाले आणि पाना घेऊन कुठेतरी गेले.

कुठे गेले ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो, म्हणजे क्रम लागेल. मोठी टाकी धुताना दाजींना दिसलं की एका पात्याचा बोल्ट ढिला झालाय. सगळं बंदच आहे तर आवळून टाकू, म्हणून ते शिडीने चढून आत उतरले. नियमाप्रमाणे मेन स्विच पाडला, त्यावर 'काम चालू आहे' असा लाल बोर्ड टांगला, आणि बाहेर काथोडला उभं केलं. काथोड वांगणीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचा, तिथेच हेल्पर आहे. भला माणूस, आणि ढोलकी अशी वाजवतो की बास. तिथेच घात झाला. आरतीची वेळ झाली आणि शेठने हाळी दिली, 'काथोड कुठाय? ढोलकीशिवाय आरती होणार काय?' तो आत डोकावून "आलोच" म्हणाला आणि गेला.

आरती चालू असताना ऑफिसातली पोरं पॅनेलना हार घालत फिरत होती. लाल बोर्डामुळे कुंकू नीट लावता येईना, शिवाय सणाचा दिवस, फोटोत लाल बोर्ड कशाला... काढला आणि झेंडूच्या टोपलीमागे ठेवला. टाकीचं तोंड उघडं दिसत होतं ते झाकण लोटून बंद केलं. शिडीपाशी दाजींच्या चपला होत्या, पण त्या दिवशी पूजेमुळे सगळ्यांच्याच चपला जागोजागी पडलेल्या. कोण बघतो? आणि मग शेठ ताट घेऊन निघाला, प्रत्येक पॅनेलला स्वतःच्या हाताने कुंकू लावलं, आणि मुहूर्तासाठी एकेक मेन स्विच वर करत गेला. मोठ्या टाकीचासुद्धा.

आतमध्ये, ओल्या टाकीत, दाजींचा पाय सरकला होता. डोकं पात्यावर आपटून ते बेशुद्ध पडले होते. ढोलकी आणि झांजांच्या आवाजात कोणाला काहीही ऐकू आलं नाही.

आरतीनंतर मिठाईचे बॉक्स वाटले आणि बहुतेक सगळे आपापल्या घरी गेले. सणाचा दिवस, कोण थांबतो? दाजी दिसले नाहीत तेव्हा मला वाटलं, मला सोडून गेले एकटेच. थोडा रागही आला.

तर अशी परिस्थिती. काचेपलीकडे हार घातलेल्या पॅनेलवर हिरवे दिवे लागलेले, मशीन फक्त सर्व्हरच्या हुकमाची वाट बघत उभी, आणि मी केबिनमध्ये. शेठ, त्याचा सगळा परिवार आणि भटजी काचेबाहेर. मी देवाला नाही, पण शेठला नमस्कार करून बटण दाबलं.

पंखे भणाणले. मेमरी मोजली गेली. डिस्क सापडल्या. हुश्श केलं मी, कारण माझी भीती तीच होती. स्क्रीनवर ऑपरेटिंग सिस्टिमची पहिली ओळ आली... आणि टक्. सगळं बंद. हँग नाही, एरर नाही, रीस्टार्ट नाही. कोणीतरी दिवा मालवावा तसं.

परत दाबलं. तेच. पहिली ओळ, आणि टक्.

जे या लाइनमध्ये आहेत त्यांना कळेल, असं वागणं म्हणजे पहिला संशय वीजपुरवठ्यावर. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात. एक काढला, मग दुसरा काढला, अदलाबदल केली. यूपीएस बाजूला करून थेट लाइनवर लावला. टक्. झाकण उघडलं, मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने त्यांचे पाय पुसले — हसू नका, अजूनही निम्मे सर्व्हर आम्ही खोडरबरानेच जिवंत करतो — जास्तीची कार्डं काढून ठेवली, फक्त गरजेपुरतं ठेवून चालू केलं. बरोब्बर त्याच ओळीवर टक्.

"होतंय का?" शेठ दर थोड्या वेळाने काचेवर टकटक करायचा.

"होईल, शेठ. आता होईल." हे वाक्य मी त्या दुपारी कितीदा म्हणालो कुणास ठाऊक. मोठ्याने म्हणत होतो, कारण बाहेर ऐकू जावं. हे वाक्य लक्षात ठेवा म्हणत नाही, पण मला ते आता आयुष्यभर विसरता येणार नाही.

मग मी तपासणीचा पेन ड्राइव्ह लावला. यात सर्व्हर स्वतःच्या डिस्कवरून नाही तर पेन ड्राइव्हवरून उठतो आणि एकेक भाग तपासून बघता येतो. आणि काय सांगू... छान चालू झाला! प्रोसेसर ठीक, मेमरी ठीक, डिस्क ठीक, तापमान ठीक. सगळं हिरवं. हवा तेवढा वेळ चालू राहिला. पेन ड्राइव्ह काढला, त्याच्या स्वतःच्या डिस्कवरून उठवायला गेलो — टक्.

म्हणजे मशीन ठणठणीत होतं. फक्त ज्या रस्त्याने गेल्यावर ती पाती फिरली असती त्याच रस्त्याने ते जायला तयार नव्हतं. हे मी आज म्हणतोय. तेव्हा मी फक्त आईबहिणीवरून शिव्या देत होतो, हळू आवाजात, भटजी बाहेर होते म्हणून.

मग मी लॅपटॉप जोडला. मोठ्या सर्व्हरमध्ये एक वेगळा छोटा मेंदू असतो, सर्व्हर बंद असला तरी तो जागा असतो आणि काय काय घडलं त्याची नोंद ठेवतो. म्हटलं, आता पकडला. बघतो तर प्रत्येक वेळेला एकच नोंद. समोरचं पॉवर बटण दाबून धरल्यामुळे सर्व्हर बंद.

तुम्हाला माहीत असेल, आपला घरचा कॉम्प्युटरसुद्धा बटण थोडा वेळ दाबून धरलं की जबरदस्तीने बंद होतो. तसंच. सर्व्हरचं म्हणणं होतं की दर वेळी कोणीतरी माझं बटण दाबून धरतंय.

केबिनमध्ये मी एकटा होतो. माझे दोन्ही हात की-बोर्डवर होते.

तरीही मी घाबरलो नाही, खरंच सांगतो. उलट आनंद झाला, कारण मिळालं! बटण अडकलंय. जुनं झालंय, धूळ बसलीय, आत जाऊन चिकटतंय. उपाय सोपा — बटणापासून आत जाणारी केबलच काढून टाकायची. केबल काढली, बाजूला ठेवली, डोळ्यांनी दोनदा बघितलं की ती लोंबतेय. आता समोरचं बटण म्हणजे नुसता प्लास्टिकचा तुकडा, त्याचा आतल्या कशाशीही संबंध नाही. सर्व्हर मी लॅपटॉपवरून चालू केला आणि बटणाकडे टक लावून बसलो.

पंखे. मेमरी. डिस्क. पहिली ओळ. बटण जागेवर होतं. तसूभरही आत गेलं नव्हतं.

टक्.

लॅपटॉपवर नोंद आली. समोरचं पॉवर बटण दाबून धरल्यामुळे सर्व्हर बंद.

तेव्हा मात्र माझ्या अंगावर काटा आला. एसी चालू होता, तरी मानेवरून घाम ओघळला. मी मागे वळून बघितलं. का बघितलं माहीत नाही, मागे फक्त काच होती आणि काचेमागे ती मोठी टाकी. मला एकदम वाटलं की इथून उठावं आणि घरी जावं. असं मला कामावर कधीच वाटत नाही. मी लोक जेवायला उठले तरी न उठणारा माणूस आहे.

शेठने दार उघडलं. "मुहूर्त चालला, भाई. अजून एक नारळ फोडू काय?"

आणि आता बघा माणसाचं डोकं कसं चालतं. समोर जे घडतंय ते घडूच शकत नाही हे मला कळत होतं, आणि तरीही मी त्याच्याशी भांडत होतो. म्हटलं, हा डबाच नको. डिस्क काढतो, गाडीतल्या स्टँडबायमध्ये घालतो. वेगळं मशीन, वेगळं बटण, वेगळं सगळं. बघू कोण अडवतंय.

डिस्क काढल्या. स्टँडबाय उचलून आणला. त्याचा प्लग जाडा होता, केबिनच्या सॉकेटमध्ये बसेना. तसला एक्स्टेन्शन बोर्ड दाजींच्या स्टोअरमध्ये असतो. स्टोअरला कुलूप, चावी दाजींकडे. दाजींना फोन लावला, लागेना. शेवटी ताईला लावला.

"ताई, दाजींना दे जरा."

"म्हणजे? ते तुझ्यासोबत आहेत ना?"

"अगं, ते केव्हाच निघाले इथून."

"पश्या, ते आलेले नाहीत," ताई म्हणाली. "मी पानं वाढायची थांबलेय तुम्हा दोघांची. पश्या? अरे कुठे आहेत ते?"

फोन तसाच चालू ठेवून बाहेर गेटपाशी गेलो. दाजींची स्कूटर तिथेच होती, पुढे हार घातलेली. काथोड मांडवाच्या सतरंज्या गोळा करत होता. मी त्याला विचारलं, दाजी कुठायत?

"गेलं ना घरला," काथोड म्हणाला. "मी आरतीवरशी आलो तं टाकीचा झाकण लावलेला व्हता, बोर्ड पन नव्हता. मना वाटला काम आटपला नि भायेर पडलं."

"कुठल्या टाकीचं झाकण?"

त्याचा चेहरा मी बघितला आणि त्याने माझा. त्याच्या हातातली सतरंजी खाली पडली.

मी आयुष्यात एवढ्या जोरात कधी ओरडलो नसेन. "मेन पाडा! सगळे मेन पाडा!" शेठला काही कळेना, पण तो धावला. अनवाणी, ताट बाजूला टाकून, एकेक स्विच खाली ओढत. काथोड शिडीवर चढून झाकण ओढत होता. मी मोबाइलचा टॉर्च आत मारला.

दाजी तळाशी होते. दोन पात्यांच्या मधे, कुशीवर. डोक्याखाली रक्त, आणि एक हात पात्यावर टाकलेला. मला वाटलं संपलं. तेवढ्यात ते कण्हले.

काथोड आत उतरला, दोर लावला, आम्ही वरून ओढलं. गाडीत घातलं, स्टँडबाय सर्व्हर तिथेच फरशीवर पडून राहिला. हॉस्पिटलात टाके पडले, स्कॅन झाला, डॉक्टर म्हणाले धोका नाही. शेठ हॉस्पिटलच्या बाकावर कपाळाला कुंकू तसंच घेऊन बसला होता आणि एकच वाक्य म्हणत होता, "मैने अपने हाथ से स्विच उपर किया, अपने हाथ से..." काथोड बाहेर जिन्यावर बसून रडत होता. मी जाऊन त्याच्याजवळ बसलो, कारण आत ताईच्या समोर जायची माझी हिंमत नव्हती.

दाजी शुद्धीवर आल्यावर काही दिवसांनी मी कारखान्यात गेलो. सगळे मेन खाली, टाक्या उघडून आत बघितलेल्या, प्रत्येक ठिकाणी माणूस उभा. डिस्क जुन्याच सर्व्हरमध्ये परत घातल्या. बटणाची केबल लावली नव्हती. लॅपटॉपवरून चालू केला. पंखे, मेमरी, डिस्क, पहिली ओळ, दुसरी ओळ... आणि एखाद्या शहाण्या मुलासारखा तो पूर्ण उठला. मग बंद करून बटणाची केबल लावली, बटणाने चालू केला. उठला. मी त्याला दिवसभर पिडला, एकदाही अडला नाही. कंपनीच्या माणसालाही दाखवलं. त्याने नोंदी बघितल्या, खांदे उडवले आणि म्हणाला, सॉफ्टवेअरचा काही घोळ असेल. असेल. पण मग तो घोळ त्या एका दुपारपुरताच का होता, आणि पेन ड्राइव्ह लावल्यावर का नव्हता, ते त्याला सांगता आलं नाही. कमेंटमध्ये तुम्ही सांगणारच आहात. सांगा. मी मनापासून वाचेन, कारण मला ते कारण हवं आहे.

दाजींनी या विषयावर माझ्याशी एकदाच बोलणं काढलं. म्हणाले, मधे मला थोडी शुद्ध आली होती. हलता येत नव्हतं, ओरडायला गेलो तर आवाज फुटेना. बाजूला पंखे सुरू झालेले ऐकू यायचे. मग तुझा आवाज यायचा, 'होईल, शेठ, आता होईल.' मग पंखे बंद व्हायचे. परत सुरू व्हायचे. "मी तुला हाका मारत होतो रे," दाजी म्हणाले, "मनातल्या मनात. प्रशांत, नको. प्रशांत, नको." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून चहा घ्यायला उठले. तेव्हापासून कुठल्याही साइटवर सर्व्हर पहिल्या दाबात चालू झाला की मला आधी धडकीच भरते. बटण दाबण्याआधी मी विचारतो, आत कोणी नाही ना? बँकेत विचारतो, शाळेत विचारतो. लोक हसतात, सर्व्हरच्या आत कोण असणार?

ताईला दाजींनी सगळं सांगितलं असणार. ती मला काही बोलली नाही, आणि तेच मला जड जात होतं. मग भाऊबीज आली. मी पालेगावला गेलो. दाजी डोक्याला पट्टी बांधून खुर्चीवर बसलेले, खाली पाट, भोवती रांगोळी. मी पाटावर बसलो. ताईने टिळा लावला, निरांजन घेतलं, आणि ओवाळायच्या आधी थांबली.

"पश्या, खरं सांग. कितीदा चालू करायला गेलास?"

म्हटलं, "मोजलं नाही, ताई. खूपदा."

मला वाटलं, आता ही रडणार, नाहीतर ताट खाली ठेवून आत जाणार. तिने शांतपणे मला ओवाळलं. मग म्हणाली, "आणि तितक्यांदा कोणीतरी नाही म्हणालं."

"ताई, मशीन होतं ते."

"असेल मशीन," ताई म्हणाली. "जरा सरक तिकडे."

मी सरकलो. पाटाचा अर्धा भाग रिकामा झाला. ताईने त्या रिकाम्या जागेवरून निरांजन फिरवलं, अक्षता टाकल्या, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. दाजींनी खुर्चीतल्या खुर्चीत हात जोडले होते. इतकी वर्षं लोकांच्या अनुभवांवर हसणारा मी, पण मलाही रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

कारण मला आजही सापडलेलं नाही. तो सर्व्हर अजून त्याच केबिनमध्ये चालू आहे, त्यानंतर तो एकदाही असा अडलेला नाही, आणि शेठ आता त्याला दसऱ्याला हात लावू देत नाही. परवाच यंदाची भाऊबीज झाली. मी गेलो तर ताईने मुळातच दोन पाट मांडले होते. मी काही न विचारता त्यातल्या एकावर बसलो.